देण्याचा आनंद शिकविणारे साने गुरुजी

२४ डिसेंबर ही नाताळची पूर्वसंध्या. जगातील असंख्य घरांमध्ये या रात्री लहान मुले भेटवस्तूंच्या प्रतीक्षेत झोपी जातात. महाराष्ट्रातील अनेक शाळांमध्ये मात्र हाच दिवस साने गुरुजींची जयंती म्हणून साजरा होतो. मुलांना देण्यातील आनंद शिकविण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या या शिक्षकाचा जन्म नाताळच्या आदल्या दिवशी व्हावा, हा एक सुंदर योगायोग आहे.

नाताळच्या भेटींची प्रथा ज्यांच्या नावाशी जोडली जाते, ते संत निकोलस चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील मायरा या नगरीचे बिशप होते. एका निर्धन पित्याच्या तीन मुलींची लग्ने व्हावीत म्हणून त्यांनी रात्रीच्या अंधारात त्याच्या घरी सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला कळू नये, हे त्या कथेचे मर्म होय. पुढे सोळा शतकांनी खानदेशातील एका छात्रालयात एक शिक्षक, मुले शाळेत गेली असताना, त्यांच्या खोल्या गुपचूप झाडून ठेवीत असे. निकोलसच्या कथेशी त्या शिक्षकाचा काहीही संबंध नव्हता, पण देण्याची रीत तीच होती.

पालगडचे बालपण

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे यशोदाबाई. साने घराणे एके काळी खोतांचे, गावात मानाचे होते. परंतु पांडुरंगाच्या बालपणीच घराची स्थिती खालावली. सावकाराचे कर्ज वाढत गेले आणि जुने वैभव केवळ आठवणीत उरले. गावात प्रतिष्ठा आहे, पण घरात पैसा नाही, अशा परिस्थितीत हे मूल वाढले. देण्यासाठी हाती फारसे काही नसताना देण्याची सवय कशी लागते, हे त्यांच्या चरित्रातील पहिले आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे.

या बालपणाचे चित्र 'श्यामची आई' या पुस्तकात उतरले आहे. ते आत्मचरित्र नव्हे. त्यात श्याम नावाचा तरुण आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. तथापि श्यामचे गाव, घर आणि आई ही लेखकाचीच आहेत, हे वाचकांनी आरंभापासून ओळखले.

पुस्तकातील श्याम जन्मतः गुणी मुलगा नाही, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. तो पोहायला जाण्याचे टाळतो. पत्रावळ लावायला शिकण्याचा कंटाळा करतो. पुस्तकांच्या मोहाने एकदा पैशांची चोरीही करतो. इतरांच्या आधी आपल्याला अधिक फुले मिळावीत म्हणून उमलण्यापूर्वीच कळ्या तोडणाऱ्या मुलांमध्ये तोही असतो. देण्याची वृत्ती त्याच्या अंगी आपोआप आलेली नाही. ती कोणीतरी, दिवसामागून दिवस, साध्या प्रसंगांतून रुजविली आहे. ते काम यशोदाबाईंनी केले.

भाऊबीजेचे धोतर, भावासाठी कोट

सणाच्या दिवशी देण्याचा आनंद म्हणजे काय, याचे उत्तर या पुस्तकातील दोन प्रसंगांत मिळते. पहिला प्रसंग दिवाळीचा आहे. घरात ओढगस्त आहे. श्यामच्या वडिलांचे धोतर फाटलेले आहे आणि नवे घेण्याची ऐपत नाही. अशा वेळी आईच्या हाती भाऊबीजेचे थोडे पैसे येतात. हे पैसे तिचे स्वतःचे, हक्काचे. तिलाही नव्या लुगड्याची गरज आहे. पण ती त्या पैशांतून पतीसाठी धोतर आणविते. मुले हे सारे पाहत असतात. त्यांना कोणी उपदेश केलेला नाही. तरी त्या वर्षीची दिवाळी आनंदाची का झाली, हे त्यांना समजते.

अमेरिकी कथाकार ओ. हेन्री यांची १९०५ साली प्रसिद्ध झालेली 'गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही नाताळची कथा जगभर वाचली जाते. त्यातील गरीब पती-पत्नी एकमेकांना भेट देता यावी म्हणून आपापली सर्वांत मोलाची वस्तू विकून टाकतात. पालगडच्या घरातील धोतराची गोष्ट त्याच जातीची आहे. फरक इतकाच, की येथे मुले साक्षीदार आहेत आणि जे पाहिले ते पुढे आचरणात आणणार आहेत.

दुसऱ्या प्रसंगात नेमके तेच घडते. श्याम आता दापोलीला शिकावयास आहे. घरी धाकट्या भावाचा कोट फाटला आहे, नवा शिवण्यास पैसे नाहीत. श्याम खाऊसाठी मिळालेले पैसे खर्च न करता साठवितो, शिंप्याकडून भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीच्या सणाला, भर पावसात, ओढे भरून वाहत असताना, पायी घरी पोहोचतो. आईला आनंद होतो. पण त्याआधी पैसे कोठून आले याची ती चौकशी करते. ते कर्जाचे किंवा अपहाराचे नाहीत, खाऊतून वाचविलेले आहेत, अशी खात्री पटल्यावरच तिचे मन निवते.

ही चौकशी बारकाईने पाहण्याजोगी आहे. देणे चांगले, म्हणून कोणत्याही मार्गाने दिलेले चालेल, असे या आईचे मत नाही. देणगी आपल्या स्वतःच्या वाट्यातून आलेली असावी. वडिलांच्या पैशाने आणलेली भेट मुलाने केवळ हस्तांतरित केली, तर ती वडिलांची भेट होते. खाऊ सोडून आणलेला कोट मात्र खरोखर श्यामचा होता.

घेणाऱ्याची बाजूही या घरात शिकविली जात असे. एका लग्नसमारंभात इतर मुलांबरोबर श्यामला दक्षिणा मिळते आणि तो ती आनंदाने घरी आणतो. आईला हे रुचत नाही. गृहस्थाच्या मुलाने अशी दक्षिणा घेऊ नये, असे तिचे म्हणणे असते आणि ते पैसे देवाकडे जातात. दारिद्र्यातही स्वाभिमान राखावा, ही शिकवण त्यामागे होती. फुकटचे घेताना मनाला काय वाटते, हे ज्या मुलाला कळले, त्याला दुसऱ्यास देताना त्याचा मान कसा सांभाळावा, हेही कळते. पुढे शिक्षक झालेल्या साने गुरुजींच्या वागण्यात याची खूण पदोपदी दिसते.

शिक्षणासाठी वणवण

पांडुरंगाचे प्राथमिक शिक्षण पालगडला झाले. पुढे दापोलीच्या मिशन शाळेत त्यांनी काही वर्षे काढली. मराठी आणि संस्कृतवरील त्यांचे प्रभुत्व तेथेच शिक्षकांच्या लक्षात आले होते. घरची स्थिती आणखी बिकट झाल्यावर, गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून ते औंध संस्थानात गेले. तेथे हाल सोसावे लागले, त्यातच प्लेगमुळे शाळा बंद पडली. त्यानंतर त्यांनी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात प्रवेश घेतला. १९१७ साली, ते शिक्षणासाठी दूर असतानाच, आईचे निधन झाले. अखेरची भेट झाली नाही, ही खंत त्यांना जन्मभर राहिली.

१९१८ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुण्यात महाविद्यालयीन शिक्षण घेऊन त्यांनी एम. ए. ही पदवी मिळविली आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात गेले. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होण्याची पात्रता त्यांच्यापाशी होती. परंतु १९२४ साली त्यांनी त्याच गावातील शाळेत, पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ख्यात झालेल्या संस्थेत, शिक्षकाची नोकरी पत्करली. येथूनच पांडुरंग साने यांचे साने गुरुजी झाले.

अमळनेरचे छात्रालय

शाळेसोबत गुरुजींकडे छात्रालयाची जबाबदारी आली. खानदेशातील खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे राहत. आईपासून प्रथमच दूर आलेल्या या मुलांना शिस्तीपेक्षा मायेची अधिक गरज आहे, हे स्वतः घराबाहेर राहून शिकलेल्या गुरुजींना कोणी सांगावे लागले नाही.

त्यांची शिकविण्याची पद्धत अगदी साधी होती. मुलांनी खोली अस्वच्छ ठेवली तर ते रागावत नसत. मुले बाहेर गेली की स्वतः केर काढीत, अंथरुणे नीट घालीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, मळके कपडे धुऊन टाकीत. मूल आजारी पडले तर रात्र रात्र उशाशी बसत. परत आलेल्या मुलांना खोली लख्ख दिसे. हे कोणी केले, हे थोड्याच दिवसांत सर्वांना कळले. आपले काम गुरुजी करतात, याची मुलांना लाज वाटू लागली. मग ती आपली कामे आपण करू लागली आणि त्यापुढे जाऊन एकमेकांची करू लागली.

या पद्धतीमागील विचार आजच्या पालकांनी आणि शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखा आहे. देण्यावर व्याख्यान दिले तर मूल ते ऐकते आणि विसरते. सक्तीने काही द्यावयास लावले तर त्याला ते गमावल्यासारखे वाटते. पण आपल्यासाठी कोणी काही निरपेक्षपणे केले, याचा अनुभव ज्या मुलाला येतो, त्याच्या मनात परतफेडीची इच्छा आपोआप जागी होते. ती परतफेड त्याच व्यक्तीला करता येत नाही. मग ती दुसऱ्या कोणाकडे वळते. छात्रालयात नेमके हेच घडत असे.

पगारातील मोठा भाग गुरुजी गरजू विद्यार्थ्यांसाठी खर्च करीत. त्याचबरोबर त्यांनी या मुलांना आणखी एक भेट रोज दिली. 'छात्रालय दैनिक' या नावाचे हस्तलिखित ते स्वतः लिहून मुलांपुढे ठेवीत. त्यात जगातील थोर स्त्री-पुरुषांच्या गोष्टी असत, देशातील घडामोडी असत, वागण्याबोलण्यातील चुकांवर हळुवार टिपण असे. दिवसभर शिकवून, रात्री जागून, मोजक्या मुलांसाठी दैनिक लिहिणे हे फायद्याच्या कोणत्याही हिशेबात बसणारे नव्हते. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक काढले, तेव्हा हाच वाचकवर्ग अधिक विस्तारला.

तुरुंगातील लेखणी

१९३० साली गुरुजींनी शाळा सोडली आणि ते स्वातंत्र्याच्या आंदोलनात उतरले. त्यानंतरच्या काळात त्यांना धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा अनेक तुरुंगांत राहावे लागले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. ती उतरवून घेण्याचे काम गुरुजींनी केले. 'गीता प्रवचने' हे पुस्तक पुढे भारतातील अनेक भाषांत गेले. त्या ग्रंथावर नाव विनोबांचे आहे, पण ते शब्द आज उपलब्ध आहेत, ते गुरुजींच्या लेखणीमुळे. दुसऱ्याचे धन जपून तिसऱ्याला पोहोचविणे, हाही देण्याचाच एक प्रकार होय.

'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी आरंभ करून अवघ्या पाच दिवसांत, १३ फेब्रुवारीपर्यंत, त्यांनी पहिल्या ३६ रात्री लिहून काढल्या. उरलेला भाग सुटकेनंतर लिहिला. १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक पिढ्यान्पिढ्या वाचले जात आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला, १९५४ साली प्रथमच देण्यात आलेले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

मोळीपासून मंदिरापर्यंत

देणे केवळ वस्तूंचे नसते, हेही गुरुजींना बालपणीच समजले होते. पुस्तकात एक वृद्ध महार स्त्री लाकडाची मोळी डोक्यावर चढवू शकत नाही. तिला हात लावण्यास गावातील कोणी तयार नसतो. श्यामची आई त्याला मोळी उचलून देण्यास सांगते, मात्र नंतर आंघोळ करण्यासही सांगते. त्या काळातील एका कोकणी ब्राह्मण गृहिणीच्या दृष्टीने पहिले पाऊल धाडसाचे होते. दुसरे पाऊल तिच्या मुलाने टाकले.

१९४७ च्या आरंभी त्यांनी अस्पृश्यता निवारणासाठी महाराष्ट्राचा दौरा केला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजे हरिजनांना खुले व्हावेत म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण आरंभिले. त्यांना विरोध झाला, टीकाही झाली. अखेर मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला आणि उपोषण सुटले. आईने आंघोळीची जी अट घातली होती, ती मुलाने मोडीत काढली. शिकवण देणाऱ्याच्या मर्यादा ओलांडून शिष्य पुढे जातो, तेव्हाच ती शिकवण सफल झाली असे म्हणता येते.

स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतातील निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या साहित्याचे धन परस्परांना द्यावे, या हेतूने त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. तुरुंगात असताना ते स्वतः तमिळ शिकले होते आणि 'कुरल'चा त्यांनी मराठीत अनुवाद केला होता. पुतणीला लिहिलेली त्यांची पत्रे 'सुंदर पत्रे' या नावाने प्रसिद्ध आहेत.

उजेड आणि सावली

साने गुरुजींचे चरित्र केवळ गोड कथा म्हणून सांगणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. महात्मा गांधींच्या हत्येने ते अंतर्बाह्य हादरले होते. फाळणीच्या काळातील द्वेष आणि स्वातंत्र्यानंतरचे राजकारण पाहून त्यांची निराशा वाढत गेली. ११ जून १९५० रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, मुंबईत त्यांनी स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला. ज्याने शेकडो मुलांचे अश्रू पुसले, त्याच्या दुःखाला वाट मिळाली नाही, ही महाराष्ट्राला आजही चटका लावणारी गोष्ट आहे.

त्यातूनही एक बोध घेता येतो. मुलांना देण्याचा आनंद शिकविताना घेण्याची कलाही शिकविली पाहिजे. मदत मागणे, दुसऱ्याची माया स्वीकारणे, आपले ओझे कोणाच्या तरी हाती सोपविणे यात कमीपणा नाही, हे मुलांना समजले पाहिजे. मोळी खाली पडली असता हात मागणाऱ्या त्या वृद्ध स्त्रीने श्यामला काहीतरी दिलेच होते. तिने मागितले नसते, तर श्यामला देता आले नसते.

वारसा

गुरुजींच्या निधनानंतर त्यांच्या नावाने कथामाला सुरू झाली. प्रकाशभाई मोहाडीकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती गावोगावच्या शाळांत नेली. शिक्षक आणि कार्यकर्ते वेळ काढून मुलांना गोष्टी सांगतात, एवढेच तिचे स्वरूप. रायगड जिल्ह्यातील माणगावजवळ वडघर येथे साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक उभे आहे आणि तेथे मुलांची व तरुणांची शिबिरे भरतात. 'साधना' आजही प्रसिद्ध होते.

नाताळच्या दिवसांत आता महाराष्ट्रातील शहरांतही सर्व धर्मांच्या मुलांच्या शाळांमध्ये भेटवस्तूंची देवाणघेवाण होते. बहुतेक वेळा ती वस्तू पालक विकत आणतात, तिच्यावर चकचकीत कागद चढवितात आणि मूल ती दुसऱ्याच्या हाती देते. यात वावगे काही नाही. मात्र देण्याचा आनंद मुलाला खरोखर अनुभवावयाचा असेल, तर त्या भेटीत त्याचे स्वतःचे काहीतरी असावयास हवे. ते खाऊचे वाचविलेले पैसे असोत, स्वतःच्या हाताने केलेले शुभेच्छापत्र असो, आजारी वर्गमित्राला उतरवून दिलेला अभ्यास असो, किंवा आजोबांच्या खोलीतील केर असो. पालगडच्या मुलाने भावासाठी नेलेला कोट आज कोठेही शिल्लक नाही. पण तो भावाच्या अंगावर पाहून त्याला जो आनंद झाला, तो त्याने पुढे अमळनेरच्या मुलांना वाटला, आणि त्यांच्याकडून तो आणखी कोणाकोणापर्यंत पोहोचला, याची मोजदाद करणे शक्य नाही.